जॉनी नोलनला मुलीसोबत बघावं का?

एका ताईंनी विचारलंय: “माझे मिस्टर पितात. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, उलट मुलीवर जीव ओवाळून टाकतात. मुलगी बारा वर्षांची आहे, तिचं सगळं जग म्हणजे बाबा. एका मैत्रिणीनं ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’ हा जुना इंग्रजी चित्रपट सुचवला. म्हणाली, फार गोड आहे, सगळ्यांनी मिळून बघा. मग मला कळलं की त्यातला बापही दारुडा आहे आणि तरी सगळ्यांचा लाडका आहे. मुलीला दाखवू का? पिणं चालतं, असं तर तिला वाटणार नाही ना?”

ताई, बावीस वर्षं व्यसनमुक्तीच्या कामात आहे. हा चित्रपट मी पेशंटच्या घरच्यांबरोबर कितीतरी वेळा पाहिलाय. माझं उत्तर ‘दाखवा’ असंच आहे. मात्र आधी तुम्ही एकटीनं बघा. मुलगी कोसळेल याची मला भीती नाही. तुम्हाला मोठ्यानं रडू येईल आणि ते पहिल्यांदा एकटीनं आलेलं बरं, म्हणून सांगतेय.

शोधताना १९४५ सालचा, काळा-पांढरा, एलिया काझाननं दिग्दर्शित केलेला बघा. त्याच नावाचा १९७४चा एक टीव्हीपटही आहे, तो वेगळा. हा दोन तास आठ मिनिटांचा आहे. मूळ कादंबरी बेटी स्मिथची, १९४३ची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांसाठी खिशात मावतील अशा आवृत्त्या छापून आघाडीवर पाठवल्या गेल्या, त्यातही ती होती.

गोष्ट साधी आहे. शंभरेक वर्षांपूर्वीचं न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन, विल्यम्सबर्ग भागातली गरिबांची चाळवजा इमारत. जॉनी नोलन हा गाणारा वेटर. लग्नसमारंभात, हॉटेलात बोलावणं आलं तर काम, नाहीतर नाही. बायको केटी इमारतीचे जिने घासते आणि त्यावर घर चालतं. दोन मुलं, फ्रॅन्सी आणि धाकटा नीली. भंगार विकून आलेल्या पैशातले काही पेनी घरातल्या पत्र्याच्या डब्यात जातात. फ्रॅन्सी वाचनालयातली पुस्तकं लेखकांच्या आडनावाच्या क्रमानं वाचत सुटलीय, अगदी पहिल्या अक्षरापासून. आणि जॉनी आला की त्या अंधाऱ्या खोलीत दिवा लागल्यासारखं होतं.

तुमच्या मैत्रिणीला हा चित्रपट गोड का वाटला, ते इथंच कळतं. जॉनी खरोखरच गोड आहे. अंगणातलं झाड मालकानं तोडून टाकलंय आणि फ्रॅन्सीचा जीव कळवळतो. तिथं तो तिला समजावतो की झाड मेलेलं नाही, पुन्हा वर येईल. एका रविवारी बाबांबरोबर फिरताना तिला दुसऱ्या भागातली एक सुंदर शाळा दिसते. आपल्याला इथं शिकता आलं असतं तर, असं ती म्हणते. दुसरा कुठलाही गरीब बाप ‘चल, उशीर होतोय’ म्हणाला असता. जॉनी खोटा पत्ता देतो आणि तिला त्या शाळेत घालतो. खोटं बोलला म्हणून केटी चिडते. फ्रॅन्सीचं आयुष्य मात्र त्या शाळेनंच बदलतं.

(ते झाड ज्या जातीचं आहे, ते सिमेंटच्या फटीतूनही उगवतं. आपल्याकडचा महारुख त्याचा चुलतभाऊ. मुलीला हे सांगा, आवडेल.)

आता तुमचा प्रश्न. बाप इतका लाघवी दाखवला म्हणजे दारूचं कौतुक झालं का?

नाही झालं. ऑस्करच्या १९४६च्या समारंभात एक विलक्षण गोष्ट घडली. प्रमुख भूमिकेचं पारितोषिक रे मिलँडला मिळालं, दारूत बुडालेल्या लेखकाच्या भूमिकेसाठी. सहायक भूमिकेचं मिळालं जेम्स डनला, जॉनी नोलनसाठी. एकाच रात्री दोन दारुडे. पण मिलँडचा चित्रपट पिणाऱ्याच्या आत शिरतो, तिथं बाटली लपवणं आहे, तहान आहे, थरथर आहे. जॉनीला आपण जवळजवळ सबंध वेळ लेकीच्या नजरेनं बघतो. लेकीला पेला दिसत नाही, तिला बाबा दिसतात. दारू दाखवण्यात चित्रपट हात आखडता घेतो, असं काही जणांना वाटतं. मला तसं वाटत नाही. पिणाऱ्याच्या घरातल्या मुलाला जेवढं दिसतं, तेवढंच त्यात दिसतं. कबूल केलेलं राहून जातं. घरात अचानक कुणीच बोलत नाही. आईचे ओठ घट्ट मिटतात.

कादंबरीत एक बारीकसा तपशील आहे, तो मी दर वर्षी पालकांना सांगते. जॉनी रात्री जिना चढताना नेहमी एकच गाणं म्हणतो. गाणं संपायच्या आत घरच्यांनी दार उघडायचं, असा खेळ. वाचणाऱ्याला मौज वाटते. मला मात्र आमच्याकडे आलेल्या एका मुलीची आठवण येते. ती सांगायची, “मॅडम, बाबांच्या चपलांच्या आवाजावरून मला कळतं. सरळ वाजल्या तर मी अभ्यासाला बसते. घासत आल्या तर पांघरूण घेते.” ती तेव्हा नऊ वर्षांची होती. पिणाऱ्याच्या घरातल्या मुलांचे कान असे जिन्याकडे लागलेले असतात. तुमची मुलगीही ऐकत असणार, ताई. तिनं तुम्हाला सांगितलं नसेल, एवढंच.

जेम्स डनबद्दल थोडं सांगते. १९३४मध्ये तो छोट्या शर्ली टेंपलबरोबर पडद्यावर झळकत होता, नाव होतं. नंतर उतरण लागली आणि त्यात दारूचाही हात होता. काझानचा हा पहिलाच मोठा चित्रपट. त्याला ओढगस्तीचा अनुभव चेहऱ्यावर उमटलेला माणूस हवा होता. तो चेहरा जवळून बघा. जॉनी हसतो तेव्हा हसू तोंडावर येतं आणि डोळे मागेच राहतात. आमच्या केंद्रात भरती व्हायला येणारा माणूस पहिल्या दिवशी असाच हसतो. विनोद करतो, सगळ्यांना हसवतो, नर्सला ‘ताई’ म्हणतो, आणि हात टेबलाखाली दाबून धरलेले असतात.

फ्रॅन्सी झालेली पेगी ॲन गार्नर तेव्हा बारा-तेराची होती, तिला बालकलाकाराचं खास ऑस्कर मिळालं. तिचे वडील त्या काळात युद्धावर होते. रडण्याच्या प्रसंगाआधी आपण तिच्याशी त्या वडिलांविषयी बोललो, ते परत येतील की नाही हा विचार तिच्या मनात आणून दिला, असं काझाननं पुढे स्वतःच सांगितलंय. समुपदेशक म्हणून मला हे मुळीच पटत नाही. पण तो प्रसंग बघताना पोटात तुटतं, कारण ते रडू अभिनयाचं वाटतच नाही.

आता तुमच्याविषयी, कारण खरं तर हा चित्रपट मी तुम्हाला दाखवायला सांगतेय.

केटीकडे बघा. डोरोथी मॅग्वायरनं ती केलीय आणि तिला काही पारितोषिक मिळालं नाही. केटी एकेक पैसा मोजते. मुलांना ओरडते. नवरा गाणं म्हणतो तेव्हा हिच्या डोक्यात भाडं असतं. तिसरं मूल येणार म्हणून खर्च कमी करायला ती वरच्या मजल्यावरची स्वस्त खोली घेते. फ्रॅन्सीनं शाळा सोडून कामाला लागावं हेही तीच म्हणते. पहिल्यांदा बघणाऱ्या पोरींना केटी आवडत नाही. “आई किती कडक आहे ना, बाबा किती छान!” हे वाक्य मी गटात इतक्या वेळा ऐकलंय! आणि ते ऐकताना शेजारी बसलेल्या आईचा चेहरा जो होतो, तो मला बघवत नाही.

कारण पिणाऱ्याच्या घरात नेमकं हेच होतं. गंमत बाबाच्या वाट्याला जाते आणि हिशोब आईच्या. त्यानं आणलेलं आइस्क्रीम मुलांच्या लक्षात राहतं. ते आइस्क्रीम आलं त्या आठवड्यात दूधवाल्याला आईनं कसं थोपवलं, ते कुणालाच ठाऊक नसतं. बाई हळूहळू कडक होत जाते आणि मग आपण कडक झालो याचंच तिला वाईट वाटत राहतं. केटी हे आपल्या बहिणीजवळ, सिसीजवळ, बोलूनही दाखवते.

आपल्याकडे दारुड्याच्या बायकोचं चित्र म्हटलं की ‘एकच प्याला’मधली सिंधू डोळ्यांपुढे येते. १९१९मध्ये ते नाटक रंगभूमीवर आलं, बालगंधर्वांनी सिंधू उभी केली आणि आख्खा महाराष्ट्र रडला. सिंधू सगळं सोसते आणि नवऱ्याबद्दल एक उणा शब्द काढत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका मनातल्या मनात स्वतःला सिंधूच्या मापानं मोजतात आणि कमी पडल्या म्हणून झुरतात. केटी सिंधू नाही. ती रागावते, कंटाळते, नवऱ्याला फटकारते आणि तरीही तिचं त्याच्यावर प्रेम आहे. जॉनीच्या अंत्यविधीला केवढी माणसं लोटतात आणि ती चकित होऊन बघत राहते. पुढे बाळंतपणाच्या कळांत तिचं कवच गळून पडतं आणि ती लेकीशी पहिल्यांदा मनातलं बोलते. हा प्रसंग मुलीबरोबर बघताना घाई करू नका. फ्रॅन्सीला आई तिथं पहिल्यांदा दिसते.

जॉनी मरतो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाताळच्या सुमारास, फ्रॅन्सीची शाळा सुटू नये म्हणून तो बर्फात काम शोधत बाहेर पडतो आणि न्यूमोनियानं जातो. दीर्घकाळ पिणाऱ्याची प्रतिकारशक्ती खालावते, फुफ्फुसाचा संसर्ग त्याला लवकर गाठतो आणि जास्त छळतो. कादंबरीत डॉक्टर मृत्यूच्या दाखल्यावर दारूचाही उल्लेख करायला निघतात, आणि केटी हट्ट धरते की फक्त न्यूमोनिया लिहा. मुलांना बापाचं मरण दारूशी जोडून आठवायला लागू नये म्हणून. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. त्या काळात त्या बाईकडे दुसरं होतं काय? अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए), म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट, सुरू झाला १९३५मध्ये, घरच्यांसाठीचं अल-ॲनॉन १९५१मध्ये, किशोरवयीन मुलांसाठीचं अलाटीन १९५७मध्ये. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं दारूचं व्यसन हा आजार मानला तो १९५६मध्ये. केटीच्या हातात लाजेखेरीज काही नव्हतं, तिनं निदान ती लाज मुलांपासून दूर ठेवली. तुमच्याकडे खूप काही आहे.

म्हणून एक महत्त्वाचं सांगते. हा चित्रपट मिस्टरही बघतील आणि शक्य आहे की त्यांना भरून येईल. त्या भरात ते म्हणतील, “उद्यापासून थेंबही नाही.” तुम्हाला आनंद होईल. पण रोज पिणाऱ्या माणसानं एकदम घरच्या घरी दारू बंद करणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, काळीज धडधडतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, आणि उपचार झाले नाहीत तर त्यात जीवही जातो. शपथेचं स्वागत करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा सरकारी रुग्णालयात घेऊन जा. औषधं आणि ‘बी वन’ जीवनसत्त्व देऊन हे दिवस सुखरूप पार करता येतात.

दुसरं. कुणी तुम्हाला चहात किंवा भाजीत गुपचूप घालायची पावडर देईल. घेऊ नका. दारू सोडवण्याचं जे जुनं औषध आहे, डायसल्फिराम, त्यावर दारू प्यायली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी माणूस दगावतो. ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. आमच्याकडे एक बाई अशी पावडर द्यायला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी नवऱ्याला रिक्षातून घेऊन आली होती, पुडीचा कागद मुठीत धरून. तो वाचला. ती अजून त्या रात्रीबद्दल बोलताना थरथरते.

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, फोन फुकट आहे. मन फारच खचलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. पुण्यात १९८६पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथं पिणाऱ्यांच्या बायकांसाठी वेगळा गट चालतो. महाराष्ट्रात ठिकठिकाणी एएच्या आणि अल-ॲनॉनच्या मराठीतून सभा होतात, पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही. मिस्टर यायला तयार नसले तरी तुम्ही जा. बायकोनं आधी मदत घेतली आणि नवरा वर्षभरानं मागून आला, अशी जोडपी मी पुष्कळ पाहिलीत.

आता प्रत्यक्ष बघण्याविषयी. दोन बैठकांत बघा. पहिली बैठक नाताळच्या झाडापाशी थांबवा: रात्री उरलेली झाडं विक्रेता मुलांच्या अंगावर फेकतो, फ्रॅन्सी आणि नीली ती झेलून उभी राहतात आणि झाड जिंकून घरी आणतात. तिथं मन भरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी, शाळा नसताना, उरलेला भाग. रात्री झोपायच्या आधी नको.

शाळेतला एक प्रसंग मुलीला नीट बघू द्या. फ्रॅन्सी शाळेत एक खोटी गोष्ट रचून सांगते आणि शिक्षिका तिला रागावत नाहीत. मनात येतं ते कागदावर लिही, पण तोंडानं मात्र खरं तेच सांग, अशा अर्थाचं समजावतात. पिणाऱ्यांच्या घरातली मुलं फार लवकर खोटं बोलायला शिकतात, तेही स्वतःसाठी नाही. “बाबा गावाला गेलेत.” “बाबांना ताप आलाय.” तुमच्या मुलीनं असं कधी कुणाला सांगितलं असेल, तर हा प्रसंग तिच्याआधी तुम्हाला बोलायला वाट करून देईल. तिला एवढंच सांगा, यापुढे बाबांसाठी खोटं बोलायची गरज नाही.

शेवटी शाळेचा निरोप समारंभ आहे. सगळ्या मुलींच्या बाकांवर फुलं आलेली असतात. फ्रॅन्सीच्याही बाकावर असतात, सोबत बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी. बाबा जाऊन महिने झालेत. त्यांनी सिसी मावशीकडे पैसे आणि चिठ्ठी आधीच देऊन ठेवली होती. आतापर्यंत न रडलेली फ्रॅन्सी तिथं फुटते.

एकदा आमच्या गटात एक रिक्षाचालक होते, भरती होऊन तिसरा आठवडा होता. सगळे डोळे पुसत होते, ते मात्र टक लावून बघत राहिले. दिवे लागल्यावर म्हणाले, “मॅडम, त्यानं पैसे आधी का दिले, कळलं का? त्याला माहीत होतं, माझ्या खिशात राहिले तर फुलांपर्यंत पोचणार नाहीत.” बावीस वर्षांत या चित्रपटावर इतकं नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. प्रेम खरं होतं आणि स्वतःवर भरवसा नव्हता, हे दोन्ही त्या एका पाकिटात आहे. त्यांनी पुढच्या महिन्याच्या पहिल्या कमाईपासून घरखर्चाचे पैसे बायकोच्या खात्यावर टाकायला सुरुवात केली.

तुमची मुलगी चित्रपट संपल्यावर एक प्रश्न विचारेल, कदाचित लगेच, कदाचित आठ दिवसांनी भांडी लावताना: “आपले बाबापण मरतील का?” ‘छे, काहीतरीच काय’ म्हणू नका. सांगा, की बाबांना आजार आहे, जॉनीच्या काळात त्यावर उपचार नव्हते, आता आहेत. सांगा, की हा आजार तिच्यामुळे झालेला नाही, तिच्या मार्कांनी किंवा शहाण्यासारखं वागण्यानं तो बरा होणार नाही, आणि बाबांना सांभाळणं हे तिचं काम नाही. बाबांवर तिनं हवं तेवढं प्रेम करावं. बाबांचा राग आला तर तोही येऊ द्यावा. आईकडे येऊन बोलावं.

आणि फुलांचा प्रसंग तिनं परत लावायला सांगितला तर लावा. बहुतेक सांगेलच.